बिजलीबाईनं कोणतं वाण टाकलं

आमच्या घाटंजीत पोरं परीक्षेला भीत नाहीत. राजकुमारच्या भोंग्याला भितात.

राजकुमारचं बाजाराच्या तोंडाशी इंटरनेटचं दुकान आहे, तीन कम्प्युटरचं. दहावीचा निकाल लागला की तो दुकानावर लग्नातला भोंगा बांधतो, माईक हातात घेतो आणि अख्ख्या बाजाराला निकाल वाचून दाखवतो. पैसे घेत नाही. ही आपली समाजसेवा आहे म्हणतो. शाळेच्या भिंतीवर परीक्षा नंबरांची यादी लागते, ती तो मार्चमध्येच वहीत उतरवून घेतो, त्यामुळं लपून बसायची सोयच राहत नाही. आवाज त्याचा अर्धा नाकातून, अर्धा भोंग्यातून:

"हॅल्लोऽ, हॅल्लोऽ! घाटंजीच्या तमाम माता-भगिनी! श्रावण, वल्द मारोती! मराठीऽ बेचाळीस! हिंदीऽ अडतीस! गणितऽ..." इथं तो थांबतो, पाणी पितो, ग्लास खाली ठेवल्याचासुद्धा आवाज भोंग्यातून येतो, "...सात! सात मार्क! टाळ्या नका वाजवू, आगे बढते है."

त्या दिवसापासून तो पोरगा ‘सात’ झाला. "ए सात, चहा सांग." "सात आला का वो कामावर?" श्रावण हे नाव आता त्याच्या मायला आणि रेशनकार्डालाच माहीत.

दोन हजार सात साली राजकुमारच्या वहीत एक नाव होतं: राठोड बिजलीबाई लालसिंग. वय बेचाळीस.

बिजलीबाईचं दुकान आमच्या दुकानासमोर. माझे बाबा, धर्मपाल, शिलाईचं काम करतात. ती मोटारी भरते. विहिरीवरची मोटार जळली की आतली करपलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार मोजून वेढे देत बसवायची. लोकांना वाटतं, धंद्यावरून नाव पडलं. ती म्हणते, "नाव आधी पडलं बाप्पा, धंदा मंग आला. नाव पाहून आला असन." लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हा इथं एक मिस्त्री होता. त्याच्याकडं ती तार धरायच्या कामाला लागली. धरता धरता गुंडाळायला लागली. मिस्त्री नागपूरला निघून गेला आणि दुकान हिच्या हातात राहिलं. त्या वर्षांत लाईट दिवसातून बारा-बारा तास जायची, यायची तेव्हा मरतुकडी यायची, आणि मोटारी धडाधड जळायच्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा टीव्हीवर रोज यायचं, आणि चांगल्या कारणानं नाही. जीपमधून माणसं उतरायची, माईक पुढं करून विचारायची, "कपास किसानों की क्या हालत है?" बिजलीबाई म्हणायची, "किसान का पता नहीं साहब, मोटर की हालत बताऊं क्या?"

ती एका दमात तीन भाषा बोलते. गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, फोनवर परक्या माणसाशी हिंदी, आणि मोटारीशी गोरबोली, बंजाऱ्यांची घरची भाषा. लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेते, टोक मोटारीला टेकवते, मूठ कानाला, डोळे मिटते. "कांई वेगो तोन?" म्हणते. काय झालं तुला? मग गिऱ्हाइकाकडं वळून, "पुढचं बेअरिंग रडून राह्यलं. तार चांगली हाय. कोण म्हणे जळली म्हणून?" तिचं निदान चुकलेलं मी ऐकलेलं नाही.

पण तिला वायरमनचा परवाना काढायचा होता, त्याच्या फॉर्मवर दहावीचा रकाना होता, आणि बिजलीबाईची शाळा सातवीत सुटलेली. मग तिनं बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि माझ्याच वर्षी दहावीला बसली. बसली म्हणजे खरोखर माझ्या मागच्या बाकावर बसली. पहिल्या पेपरला मास्तर वर्गात आले, तिच्याकडं पाहून म्हणाले, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं."

"मास्तर," बिजलीबाई म्हणाली, "माह्यं कोणी नाही आत. मीच हाओ."

इंग्रजीच्या पेपरानंतर मी विचारलं, "मावशी, कसा गेला?"

"गेला," ती म्हणाली. "कुठं गेला ते नाही माईत."

निकालाच्या पंधरा दिवस आधी राजकुमार तिच्या दुकानात आला. तो तिच्याच तांड्यावरचा, नात्यानं दीर लागतो. वाकून नमस्कार घातला. "भाबी, तुमचा निकाल मी इस्पेशल वाचनार! सगळ्यात पह्यला! पाठीमागून म्युझिक! घाटंजी तालुक्यात बेचाळीस वर्षाची पह्यली इस्टुडंट!" त्याचं मन साफ होतं, हे कोणीही सांगेल. बिजलीबाई हसली, चहा पाजला. तो गेल्यावर तार गुंडाळता गुंडाळता वेढे मोजायची चुकली, सगळी तार उलगडली, पुन्हा एकपासून सुरू केलं.

"मैत्रे," ती मला म्हणाली, "माहा निकाल जो असन तो मले पह्यले कळला पाह्यजे. मंग गावाले कळो. भोंग्यातून नाही आयकाचा मले. उद्या कोणी मोटर घेऊन येईन अन् म्हणन, चाला बे, बारा मार्काकडं टाकू."

यवतमाळला जाऊन पाहावा तर परत येईपर्यंत इकडं भोंगा वाजून गेलेला असणार. कोणाला फोन करून विचारावा तर त्या कोणालातरी आधी कळणार. राजकुमारच्या दुकानात तर बसायचंच नाही. उरलं काय? स्वतःचा कम्प्युटर.

ती भंगारात तांबं घ्यायला यवतमाळला गेलती आणि एका बंद पडलेल्या ऑफिसचा कम्प्युटर सुटा सुटा करून पोत्यात घेऊन आली. हिरवी पाटी, रॅमची एक पट्टी, हार्ड डिस्क, टेलिफोनची वायर जोडायचं एक कार्ड, त्याला मोडेम म्हणतात, आणि दोरीनं बांधलेल्या पाच-सात फ्लॉप्या. डबा नव्हता. तिनं तो सगळा संसार पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीत बसवला. त्यामुळं घाटंजीतला तो एकच कम्प्युटर असा, की ज्याला चालू करायला हिरवं बटन आणि बंद करायला लाल. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. मॉनिटरला डोक्यावर चापट मारली की रंग यायचे.

आता त्यात घालायचं काय, हा प्रश्न आला. यवतमाळला रवी नावाचा पोरगा कम्प्युटर दुरुस्त करतो. तिनं दुकानातल्या फोनवरून त्याला विचारलं. रवी श्वास न घेता बोलतो.

"काकू पाहा सिस्टीम टाकाची म्हंजे व्हर्जन ठरवा लागते पह्यले मले सांगा तुमची मशीन बत्तीस बिट हाय का चौसष्ट बिट?"

बिजलीबाईनं फोनवर तळहात ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "इचारून राह्यला, बत्तीस बीटी का चौसष्ट बीटी."

दुकानात तिचा नवरा, लालसिंगकाका, बसलेला होता. जून लागलेला, पेरणी तोंडावर, त्याच्या डोक्यात बीटी कपाशीच्या बियाण्याशिवाय काहीही शिरत नव्हतं. तो ताडकन उभा राहिला.

"बत्तीस बीटी? कधी आली? कृषी केंद्रावाला तं बीजी-टू च्या पुढं बोलूनच नाही राह्यला!"

"थांबा ना जी, मशीनचं इचारून राह्यला."

"मशीनमधी बीटी?" लालसिंगकाका खाली बसला. मग पुन्हा उठला. "चौसष्ट म्हणे?"

दिवस मावळायच्या आत चहाच्या टपरीवर बातमी होती की लालसिंगपाशी चौसष्ट बीटी आहे, यवतमाळवरून ब्लॅकनं आणली आहे आणि नात्यातल्यालाच देऊन राहिला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन मोटारीच्या दुकानात हजर. "दोन पाकिटं द्या वो काकू, बाकीच्यायले नाही सांगत." बिजलीबाईनं त्यांना स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. त्यातला एक जण आत बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "उगवून आल्यावर कसं दिसन हे?"

तेव्हापासून आमच्या आळीत कोणी ‘व्हर्जन’ म्हटलं नाही. वाणच म्हटलं.

रवीनं विंडोजची तीन वाणं सांगितली. "काकू नाइंटी-एट हाय जुना पण हलका, एक्सपी हाय एकदम मस्त सगळे तेच टाकून राह्यले, अन् व्हिस्टा आला यंदा नवीन पण तुमच्या मशीनमधी तो श्वासही नाही घेऊ शकत, रॅम कमी हाय."

लालसिंगकाकानं याचा तिथल्या तिथं तर्जुमा केला. "म्हंजे एक देशी, एक बीजी-वन, एक बीजी-टू. इचार त्याले, कोरडवाहूले कोणतं चालन."

"कोरडवाहू काय वो?" फोनमधून रवी.

"कमी पाण्यात कोणतं तगन?" बिजलीबाईनं सरळ करून विचारलं. "रॅम कमी हाय ना आपली."

रवी पहिल्यांदा श्वास घेताना ऐकू आला. "...कमी रॅमवर नाइंटी-एट तगन काकू. पण एक्सपी बी चालन, जरासा हळू."

"रोग?" लालसिंगकाका.

"रोग कोणत्यावर जास्त येते?" बिजलीबाई.

"व्हायरस म्हणता का? एक्सपीवर लय येते. अँटीव्हायरस टाका लागते, हप्त्यातून एकदा अपडेट मारा लागते."

"हप्त्यातून एक फवारा," बिजलीबाईनं कळवलं.

"मंग कायची बीटी!" लालसिंगकाका उखडला. "फवाराच माराचा तं बीटी कायले घ्याची मानसानं?"

माझ्या बाबांना विचारलं तर ते मशीन थांबवून म्हणाले, "जुनं टाका, बाई. जुन्याले सगळ्यायनं शिव्या देऊन झाल्या असते. त्याच्यात काय खराब हाय ते सगळ्यायले माईत हाय. नव्याचं कोणालेच नाही." लालसिंगकाका म्हणाला, जुनं वाण लावलं तर लोक हासतीन. टपरीवरचे लोक म्हणाले, नवीन वाण पहिल्या साली दुसऱ्याच्या वावरात पाहायचं असतं. बिजलीबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "राजकुमारनं कोणतं टाकलं?"

"एक्सपी," मी म्हटलं.

"मंग तेच."

रवीनं एसटीच्या कंडक्टरपाशी सीड्या पाठवल्या. एक्सपीची, आणि सोबत नाइंटी-एटची, म्हणाला, पडून होती, राहू द्या. हिरवं बटन दाबलं, आणि थोड्या वेळानं सगळा पडदा निळा झाला, वरून खालपर्यंत पांढरी इंग्रजी अक्षरं. बिजलीबाई जागची हलली नाही. लालसिंगकाका मात्र जवळ जाऊन निरखून आला.

"आमच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग येते," तो म्हणाला, "तुह्या मशीनवर निळ्या आला."

निळ्याचं कारण फोनवर रवीला सापडलं नाही. ते बिजलीबाईला सापडलं. तिनं पेटीला पेचकस लावून ऐकलं, झाकण काढलं आणि रॅमची पट्टी अंगठ्यानं दाबली. खट् झालं. बसवताना तिनंच ढिली ठेवली होती. "माह्यीच चुकी," म्हणाली, "कनेक्शन लूज." आजही घाटंजीत कोणाचा कम्प्युटर असा अडकला की लोक म्हणतात, निळ्या आला, बिजलीबाईला बोलवा.

मग एक्सपी उगवला. म्हणजे पडद्यावर ते हिरवंगार टेकाड आलं, वर निळं आभाळ, पांढरे ढग. जूनमधल्या आमच्या उघड्या काळ्या वावरांच्या मधोमध असलेल्या त्या दुकानात एवढं हिरवं एकदम कोणी पाहिलं नव्हतं. लालसिंगकाका पडद्यासमोर उकिडवा बसला.

"कोणाचं वावर हाय हे?" त्यानं विचारलं.

"फोटो हाय जी."

"एवढं हिरवं? अन् विहीर कुठं दिसून नाही राह्यली." तो आणखी जवळ गेला. "पण पीक कुठं हाय? हे तं नुसतं गवत हाय. माय वो, याडी ए! एवढ्या मोठ्या जमिनीत नुसतं गवत ठेवलं त्यानं!"

दोन दिवस सगळी आळी ते गवत पाहून गेली. माझी आईसुद्धा पाहून आली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे निकालाच्या आदल्या सकाळी, बिजलीबाईनं टेलिफोनची वायर मोडेमला जोडली आणि काहीही झालं नाही. पडद्यावर मोडेमच्या नावापुढं एक पिवळं प्रश्नचिन्ह. पेचकस लावून ऐकलं. "झोपलं नाही हे," ती म्हणाली, "याले कोणी हाकच नाही मारून राह्यलं."

रवीला फोन. "काकू त्या मोडेमची एक्सपीची फ्लॉपीच नाही माह्यापाशी, लय जुना हाय तो, त्याची फक्त नाइंटी-एटची येत होती, तुमच्या पोत्यात पाहा बरं." दोरीनं बांधलेल्या फ्लॉप्यांत ती निघाली. वर कोणत्या तरी क्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: मोडेम, ९८.

"नवीन मोडेम?"

"नागपूरवरून मागवा लागन. चार दिवस धरा."

"निकाल उद्या अकराले हाय."

"मंग एक्सपी काढून नाइंटी-एट टाका लागन काकू. सगळं पुसून."

बिजलीबाईनं फोन ठेवला. लालसिंगकाकाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "काय म्हणे?"

"दुबार पेरणी."

आमच्याकडं हा शब्द कोणी हसत उच्चारत नाही. लालसिंगकाकाचा चेहरा वावरात उभा असल्यासारखा झाला. "उगवलेलं मोडाचं?" तो म्हणाला. "एवढं हिरवं उभं हाय, अन् वखर फिरवतं त्याच्यावर? लोक पाहून गेले वो! काय सांगू त्यायले? बिजलीनं बीजी-वन काढून देशी लावलं?"

"सांगा."

"राजकुमार हासन."

"हासू द्या. जी," ती म्हणाली, आणि लालसिंगकाकाला एवढ्या हळू आवाजात ती क्वचितच बोलते, "हे गवत पाहाले नाही बसवलं मी. उद्या अकरा वाजता मले लाईन पाह्यजे. ज्याच्यात लाईन लागन ते माह्यं वाण."

मग लालसिंगकाका उठला, मॉनिटरसमोर उभा राहिला, त्या टेकाडाकडं एकदा शेवटचं पाहिलं आणि म्हणाला, "कर. मी बाहेर जातो. मोडताना नाही पाहवत मले."

दुपारी चार वाजता नाइंटी-एट उभं झालं. पडद्यावर गवत नाही, ढग नाहीत, नुसता हिरवट-निळा सपाट रंग. फ्लॉपी घातली. पिवळं प्रश्नचिन्ह गेलं. तिनं वायर जोडली आणि मोडेम बोलला. आधी टुक-टुक-टुक, नंबर फिरवल्यासारखं. मग लांबून एक शिट्टी. मग ‘क्रीऽऽई-ढँव-ढँव’, पत्र्यावर कोंबडी पळाल्यासारखं. मग ‘खर्रर्रऽ’, कढईत एकदम मोहरी. बिजलीबाईनं डोळे मिटले होते, पेचकसाची मूठ कानाला.

"चालू हाय," ती म्हणाली. "तिकडच्याशी भांडून राह्यलं. भांडू द्या. भांडून झालं की बोलतीन."

दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार. साडेदहालाच भोंगा सुरू झाला. "हॅल्लोऽ, चेक, चेक! घाटंजीच्या तमाम माता-भगिनी! ठीक अकरा वाजता! आज पह्यला निकाल आपल्या सर्वांच्या लाडक्या बिजलीभाबींचा!" लाईट गेलेली होतीच. तिकडं राजकुमारचा जनरेटर धडधडत होता, इकडं ट्रॅक्टरची बॅटरी गप्प काम करत होती. बिजलीबाई नवं लुगडं नेसलेली, हाताला मात्र वॉर्निशचे डाग तसेच.

अकरा. टुक-टुक-टुक. लाईन बिझी. पुन्हा. बिझी. भोंग्यातून राजकुमार वेळ मारून नेत होता: "सर्वर बिझी हाय! महाराष्ट्रातले सगळे पोरं एकाच टायमाले घुसले! तोपर्यंत ज्याची सायकल दुकानासमोर उभी हाय त्यानं ती काढावी!" टुक-टुक-टुक. बिझी. सहाव्या वेळेला शिट्टी, कोंबडी, मोहरी, आणि शांत. लाईन लागली होती.

तिनं एका बोटानं आपला नंबर टाइप केला. मी आणि लालसिंगकाका दोघं पुढं वाकलो.

"मैत्रे, मुंडकं तिकडं. जी, तुमी बी."

आम्ही दोघं भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. लालसिंगकाका अंगणवाडीत उभं केल्यासारखा. म्हणून मी काही पाहिलं नाही, जे आहे ते ऐकलेलं सांगते. आधी नुसती हार्ड डिस्कची करकर. पान सावकाश उतरत असावं, वरून खाली, एकेक ओळ. बिजलीबाई पुटपुटायला लागली, तार गुंडाळताना वेढे मोजते तशा आवाजात: "मराठी... हां. हिंदी... हां." मग श्वास आत. तो बराच वेळ बाहेर आला नाही. तेवढ्यात भोंगा: "आला, आला! सर्वर आला! राठोड बिजली... थांबा, पान उघडून राह्यलं!" मग तिचा श्वास बाहेर आला, मग "गणित... हां," मग "अगं माय!" आणि मग हसू. मोठं, पोटातलं. लालसिंगकाकानं भिंतीकडं पाहतच विचारलं, "वळू का?"

ती तोपर्यंत दुकानाबाहेर पडली होती.

आम्ही तिच्या मागं धावलो. बाजारातून ती मिरचीच्या ढिगाजवळून, बांगड्यांच्या गाडीजवळून सरळ राजकुमारच्या पायऱ्यांवर. राजकुमारच्या पडद्यावर अजून वाळूचं घड्याळ फिरत होतं. "भाबी, एक मिनिट, येऊनच..."

"दे इकडं," ती म्हणाली आणि माईक घेतला. भोंगा कुंई करून ओरडला. तिनं माईक जरा लांब धरला, त्याचं तिला कळतं.

"आयका हो. मी बिजलीबाई. मोटरवाली. इज्ञान एक्क्याऐंशी." बाजारातून ओहोहो असा आवाज. "गणित एकसष्ट. मराठी, हिंदी पास. इंग्रजी सव्वीस. नापास. सगळा कम्प्युटर इंग्रजीत चालवला, अन् इंग्रजीतच गेली. ऑक्टोबरले परत बसतो. कोणाले सव्वीस म्हणाचं असन तं आता म्हणून घ्या. दुकानात मोटर घेऊन आल्यावर म्हणाल तं मोटर उघडीच वापस देईन."

कोणी सव्वीस म्हटलं नाही. मागून एक म्हातारा ओरडला, "इज्ञान एक्क्याऐंशी? मंग माही मोटर दोनदा काहून जळली वो बाई?"

"बाबाजी, इज्ञान मले हाय, तुमच्या पोराले नाही! तीन फेजची मोटर दोन फेजवर चालवते तो!"

बाजार असा हसला की जनरेटर ऐकू येईना. राजकुमारही हसला, पण त्याच्या हातात वही होती आणि वहीत अजून दोनशे नावं. त्यानं माईक परत घेतला, वही उघडली, तोंड उघडलं, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे. नेहमीच्या नाकातल्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाला, "ज्याले वाचून पाह्यजे, त्यानं हात वर करा."

हात वर झाले, नाही असं नाही. ज्यांना पहिलं येण्याची खात्री होती त्या सात-आठ जणांचे. बाकीची पोरं इकडं तिकडं पाहत, एकेक करून, जसं काही मिरच्याच घ्यायला चालली आहेत अशी, आमच्या आळीत शिरली.

बिजलीबाई दुकानात पोचेपर्यंत रांग लागलेली होती. तिनं एक जुनी मोटार उपडी करून समोर ठेवली, खुर्ची म्हणून. पहिली आली ती पारवा गावाकडची एक पोरगी, नंबर कानात सांगायला लागली. बिजलीबाई मागं सरकली. "मले नको सांगू. टाक तिथं. ते एंटरचं लांब बटन दाब. अन् झालं की आवाज दे." आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून तार गुंडाळत बसली. मागं पान उतरायचं, पोरगं बघायचं, कोणी हुंदका द्यायचं, कोणी नुसतंच नाक ओढायचं, एका पोरानं तर मॉनिटरचा मुका घेतला, मॉनिटरचे रंग गेले, चापट मारावी लागली. ती एकदाही वळली नाही. दारात लालसिंगकाका पहाऱ्याला. "एक एक! एक एक! आत डोकावाचं नाही! अन् पाहून झालेल्यानं थेट घरी जावं, दुसऱ्याले इचारू नये!" दोन तासांत मोडेम सतरा वेळा भांडला आणि सतरा वेळा समेट झाला.

शेवटी मी बसले. मोटार पोरांच्या बसण्यानं गरम झालेली होती. नंबर टाकला, लांब बटन दाबलं. पान उतरायला लागलं. माझ्यामागं तार फिरायची थांबली, फक्त तेवढाच फरक.

"झालं?" बिजलीबाईनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

तार पुन्हा फिरायला लागली. लालसिंगकाकानं दारातून मान आत घातली. "किती पडले गं मैत्रे? सांग ना, कोणाले नाही सांगत. आई शप्पथ."

मी त्याला सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.